आठ देश की एकटं अथेन्स?

पत्राचा सारांश : नाशिकला राहणाऱ्या, माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. वय एकसष्ट. लोकशाहीचा धडा दरवर्षी अथेन्सपासून सुरू केला, तेव्हा निवृत्तीनंतर ते शहर एकदा डोळ्यांनी बघायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि त्यासाठी पैसेही बाजूला ठेवले होते. मुलगा आणि सून म्हणतात, तेवढ्याच पैशांत बारा दिवसांत आठ देश दाखवणारी सहल मिळते, कमी पडतील ते आम्ही घालतो. त्या सहलीत ग्रीस नाही. यजमान सहासष्ट वर्षांचे, गुडघ्यांचा त्रास असलेले. त्यांचं म्हणणं, "पडके खांब बघायला एवढ्या लांब कशाला?" शाळेतली एक मैत्रीण जहाजाच्या सहलीत अथेन्सला सहा तास उतरली होती. तिने सांगितलं, ऊन, गर्दी आणि परांची, बाकी तिथे काही नाही. या बाई शाकाहारी आहेत, इंग्रजी कामापुरतं येतं, परदेशप्रवास पहिलाच. त्या विचारतात : "हा माझा नुसता हट्ट आहे का? आणि सगळ्यांचं मन मोडून गेले नि तिथे माझाच विरस झाला तर?"

ताई,

तुमच्या मैत्रिणीने सांगितलेलं सगळं खरं आहे. तिच्यावर रागावू नका. जहाजातून येणारे प्रवासी पिरेयस बंदरात उतरतात. तिथून अक्रोपोलिसची टेकडी साधारण दहा किलोमीटरवर. नाश्ता उरकून बसमध्ये बसायचं, नऊ-दहाच्या सुमाराला पायथ्याशी पोचायचं, आणि नेमक्या त्याच वेळी बाकीच्या जहाजांच्या बसही तिथे आलेल्या असतात. वर सावली जवळजवळ नाहीच. पायाखालचा दगड तापलेला, समोर माणसांच्या पाठी. जुलै-ऑगस्टमध्ये पारा कधी कधी चाळिशी ओलांडतो. २०२३ च्या उन्हाळ्यापासून तर फार कडक लाट आली की भर दुपारचे काही तास टेकडी बंदच ठेवतात. अशा घाईत वर जाऊन खाली यायचं आणि बस गाठायची, तर कुणाच्याही आठवणीत ऊन, गर्दी आणि परांचीच राहील. तिच्या वाट्याला अथेन्समधली सगळ्यात वाईट वेळ आली. तुम्ही स्वतःच्या हिशेबाने गेलात तर ती वेळ टाळता येते.

परांची मात्र कदाचित तुम्हालाही कमी-जास्त दिसेल, आणि ती दिसली तर वाईट वाटून घेऊ नका, कारण तिच्यामागे एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराची डागडुजी झाली, तेव्हा निखळलेले संगमरवरी ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडले गेले. लोखंड मूळच्या कारागिरांनीही वापरलं होतं, पण त्यांनी त्यावर शिसं ओतून हवा-पाणी अडवलं होतं. नव्या पट्ट्यांना ते संरक्षण नव्हतं. त्या गंजल्या, फुगल्या आणि आतून दगड फोडू लागल्या. १९७५ मध्ये यासाठी खास समिती नेमली गेली. तेव्हापासून एकेक ठोकळा उतरवून, लोखंड काढून, टायटॅनियम घालून पुन्हा जागेवर बसवण्याचं काम चालू आहे. जिथे तुकडाच गहाळ आहे तिथे नवा दगड बसवतात, तोही मूळच्याच पेंटेली डोंगरातला. नवा तुकडा पांढरा दिसतो, जुना मधाच्या रंगाचा. खांबाजवळ उभं राहून बघितलंत तर कुठला भाग जुना आणि कुठला आपल्या काळातला हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. तुम्ही वर्गात ऐतिहासिक साधनांचा धडा शिकवला असेलच. इथे तो दगडात समोर उभा आहे.

विरस होईल की काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. मला वाटतं, तुमच्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं पार्थेनॉन आहे : पांढरंशुभ्र, अखंड, निळ्या आभाळापुढे एकटं. तसं ते कधीच नव्हतं. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये काम सुरू झालं आणि ४३२ पर्यंत शिल्पं पुरी झाली, तेव्हा त्यावर निळे-लाल रंग होते. पुढे त्याचं चर्च झालं, मग मशीद झाली. ऑटोमन, म्हणजे तुर्की, सैन्याने तिथे दारूगोळा साठवला आणि १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफेचा गोळा नेमका त्यावर पडला. मधला भाग त्या एका स्फोटात उडाला. त्यानंतर १८०१ पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उरलेल्या शिल्पांतली बरीचशी काढून इंग्लंडला नेली. ती १८१६ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ती परत मागतो आहे. तुमचे यजमान म्हणतात ते खांब खरोखरच पडके आहेत. पण ते का पडले, कुणी पाडले आणि आता कोण उभे करतंय, हे माहीत असलेला माणूस तिथे उभा राहिला की चित्र पालटतं. तुम्हाला ते माहीत आहे, किंवा जाण्यापूर्वी महिनाभरात सहज होईल.

वर गेलात की एक गोष्ट करा. पार्थेनॉनच्या पायऱ्यांच्या एखाद्या कोपऱ्याशी उभ्या राहा, जमेल तेवढं वाका आणि लांब बाजूची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने धरा. सरळ वाटणारी ती पायरी मध्ये फुगलेली दिसेल. सुमारे सत्तर मीटर लांबीत मधोमध अकराएक सेंटिमीटरचा उंचवटा आहे, तोही मुद्दाम ठेवलेला. खांबसुद्धा किंचित आत कललेले आहेत. म्हणजे एवढ्या मोठ्या बांधकामात जवळजवळ कुठेच निव्वळ सरळ रेघ नाही, आणि प्रत्येक ठोकळा त्याच्या जागेपुरता वेगळा घडवावा लागला. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की अडीच हजार वर्षांपूर्वी छिन्नी धरलेल्या माणसाबद्दल जे वाटतं, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

खाली पायथ्याशी अक्रोपोलिस संग्रहालय आहे, २००९ मध्ये उघडलेलं. बरेच जण आधी टेकडी आणि मग थकल्या पायांनी संग्रहालय करतात. तुम्ही उलट करा. आदल्या संध्याकाळी संग्रहालय बघा. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. वरचा मजला मुद्दाम थोडा फिरवून पार्थेनॉनच्या रोखाने बसवलाय, त्यामुळे शिल्पपट्टीवरून नजर उचलली की काचेपलीकडे मंदिर दिसतं. पट्टीत जिथे मूळ दगड लंडनला आहे, तिथे प्लास्टरच्या प्रती लावल्यात आणि त्यांचा पांढरा रंग तसाच ठेवलाय. घोडेस्वार, पाण्याच्या घागरी घेतलेले तरुण, बळीचे बैल, अशी मिरवणूक चालत असते आणि मधेच एखाद्या घोड्याचं धड मूळ दगडाचं, तर पुढचे पाय प्लास्टरचे. त्यावर मोठी पाटी लावायची गरजच पडलेली नाही.

पण ताई, खरं सांगू का, तुमची जागा ती टेकडी नव्हे. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवलंत. तुमचं अथेन्स टेकडीच्या खाली आहे, अगोरामध्ये, आणि समोरच्या प्निक्स नावाच्या टेकडीच्या उतारावर.

अगोरा म्हणजे जुन्या शहराचा चौक. तिथे आतालोस राजाची ओवरी आहे, १९५० च्या दशकात जुन्या पायावर पुन्हा उभारलेली, आणि तिच्यात एक छोटं संग्रहालय. गर्दी कमी असते. तिथे काचेआड खापराचे तुकडे मांडलेत, तळहातावर मावतील एवढे. अथेन्सचे नागरिक वर्षातून एकदा ठरवायचे की एखाद्या माणसाची ताकद डोईजड व्हायला लागली आहे का. हो असं ठरलं, तर प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरायचं. एकूण सहा हजार खापरं जमली तर सगळ्यात जास्त नाववाल्याने दहा वर्षं शहर सोडायचं. एका तुकड्यावर कोरलंय : थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा मुलगा. सालामिसच्या समुद्रात इराणी आरमाराला हरवणारा हाच तो वीर. नावापुढे बापाचं नाव, आपल्या हजेरीपटावर असतं तसंच. अक्षरं वाकडीतिकडी, ओळ उतरती, जागा पुरलेली नाही. कुणीतरी घाईघाईत, मांडीवर ठेवून कोरलेलं असावं असं वाटतं. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत तर याच थेमिस्टोक्लीसच्या नावाची १९० खापरं एकत्र सापडली, आणि अभ्यासकांनी हस्ताक्षरं तपासली तेव्हा ती अवघ्या चौदा जणांची निघाली. म्हणजे मतं आधीच कोरून वाटण्यासाठी ठेवली होती. लोकशाहीच्या पहिल्याच पिढ्यांत गठ्ठा मतदानाची तयारी! तुमच्या वर्गातल्या मुलांनी यावर किती प्रश्न विचारले असते.

त्याच दालनात एक उभी शिळा आहे, तिच्यात ओळीने बारीक खाचा. न्यायसभेवर कोण बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचं ते यंत्र. खाचांत नावाच्या पट्ट्या खोचायच्या, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. पांढरा आला की ती अख्खी ओळ निवडली, काळा आला की गेली. जवळच मातीची दोन भांडी, वरच्यातून खालच्यात पाणी पडणारी. बोलणाऱ्याला वेळ मोजून द्यायचं घड्याळ. पाणी संपायला सहा मिनिटं लागतात.

तिथून चालत प्निक्सवर जा. तिकीट नाही, रांग नाही. बहुतेक वेळा चार-दोन माणसं आणि एखादं कुत्रं. खडकात कोरलेला वक्त्याचा चौथरा आहे, आणि समोर उतार. इथे हजारो नागरिक बसायचे आणि कायदा, युद्ध, तह सगळं हात वर करून ठरवायचे. नागरिक म्हणजे फक्त पुरुष. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून आलेले नाहीत. ग्रीसमध्ये बायकांना संसदेच्या निवडणुकीत मत द्यायचा पूर्ण हक्क मिळाला तो १९५२ च्या मे महिन्यात. तोवर आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली होती आणि आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या आज्या पेटीत मत टाकून घरी आल्या होत्या. तुम्ही त्या चौथऱ्यापाशी उभ्या राहाल, तेव्हा हे आठवा. विरसाची भीती तिथे उरणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आता हट्टाविषयी. तुमच्या पत्रात तो शब्द तुम्ही स्वतःसाठी वापरलात. घरातल्या कुणी वापरल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पैसे तुमचे, इच्छा तीस-पस्तीस वर्षांची, आणि मागणी काय, तर काही दिवस एका शहरात राहायचं. हे यजमानांनी सांगितलं असतं तर त्याला घरात हट्ट म्हटलं गेलं असतं का, हे जरा मनाशी तपासून बघा. मुलगा-सून वाईट वागताहेत असं मी म्हणत नाही. त्यांना वाटतंय, आई पहिल्यांदा बाहेर जातेय, तर जास्तीत जास्त बघून यावी. प्रेमापोटीच आहे ते. पण त्यांनी हिशेब देशांच्या संख्येवर मांडला आहे आणि तुम्ही तोच हिशेब मान्य करून त्यात स्वतःला चुकीचं ठरवताय. आठ देश बारा दिवसांत म्हणजे रोज पहाटे बॅगा दाराबाहेर, चार-पाच तास बस, दोन तास शहर, एक दुकान. ज्यांना एकदा सगळ्यावरून नजर टाकायची आहे, सोबत हवी आहे, जेवणाची चिंता नको आहे, त्यांच्यासाठी अशी सहल उत्तम, आणि कित्येकांचा आयुष्यातला आनंदाचा ठेवा असते. तुम्हाला हवं आहे ते त्यात नाहीच. त्या सहलीला गेलात तर मुलांचं मन राखल्याचं समाधान मिळेल, पण परत आल्यावर अथेन्स तसंच बाकी राहील, आणि तेव्हा पैसेही नसतील, गुडघेही आजच्यापेक्षा चांगले नसतील.

म्हणून मुलाला फोनवर नाही, समोर बसवून सांगा. "सहल नको" असं सुरू करू नका. त्याला अगोरातल्या खापरांची गोष्ट सांगा. तुम्ही शिक्षिका आहात, गोष्ट कशी सांगायची हे तुम्हाला मी शिकवायला नको. मग म्हणा, तुम्ही जे पैसे घालणार होता त्यात मला चांगल्या जागी राहायची खोली आणि एक दिवसाचा परवानाधारक वाटाड्या द्या. त्यांना द्यायचंच आहे. काय द्यायचं तेवढं तुम्ही सुचवा.

यजमानांचं मात्र वेगळं आहे. "पडके खांब" हे त्यांचं वरवरचं कारण असावं असा माझा अंदाज आहे, चुकत असेन तर सोडून द्या. सहासष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, अनोळखी देशात आपण बायकोवर ओझं होऊ, सगळ्यांच्या मागे राहू, ही भीती पुरुष सहसा बोलून दाखवत नाहीत. ती आधी काढून टाका. त्यांना सांगा की तुम्ही सगळ्या जागी बरोबर यायलाच हवं असं नाही. ज्या सकाळी तुम्ही टेकडी चढाल, त्या सकाळी ते खाली कॅफेत बसतील. तिथे एका कॉफीवर दोन तास बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, ती त्या शहराची रीतच आहे. अगोरा त्यातल्या त्यात सपाट आहे. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात बसायला जागा आहेत. तिथे समुद्रातल्या बुडालेल्या जहाजातून १९०१ साली वर काढलेलं अँटिकिथेराचं यंत्र आहे, ग्रह-ताऱ्यांचा हिशेब करणारं, काशाच्या दातेरी चाकांचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. यंत्रांची आवड असलेला माणूस त्यापुढे थांबतोच. शहराच्या मध्यापासून ट्रामने समुद्रकाठापर्यंत जाता येतं. टेकडीवर जायचंच ठरलं, तर चालायला त्रास असलेल्यांसाठी उत्तर बाजूला लिफ्ट आहे. हवा फार खराब असेल तर ती बंद ठेवतात, त्यामुळे आधी चौकशी करा.

आणि एक सोपी परीक्षा घरच्या घरी घेता येईल. पांडवलेणीच्या पायऱ्या दोघांनी सकाळी सावकाश चढून बघा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. अक्रोपोलिसची चढण त्याहून काही फार वेगळी नाही. वर गेलात की सतरा क्रमांकाच्या लेण्यापाशी थांबा. तिथल्या शिलालेखात ते खोदवून घेणाऱ्याचं नाव आहे : उत्तरेकडून आलेला, दातामिती गावचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. योनक, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक वंशाचा. तुमच्या गावातल्या डोंगरात ग्रीकांच्या वंशातल्या एका माणसाने बौद्ध भिक्षूंसाठी लेणं खोदवलं आहे. यजमानांना ते आधी दाखवा. कुणी सांगावं, अथेन्सचं तिकीट तिथेच पक्कं होईल.

तरीही ते नको म्हणाले, तर? तुम्ही एखाद्या बहिणीला, जुन्या सहशिक्षिकेला विचारा. एकटीने जायचं धाडस होत असेल तर तेही वाईट नाही. अथेन्सचा मध्यभाग रात्री दहा-अकरालाही जागा असतो, बायका-मुलं रस्त्यावर असतात. आणखी एक मधला मार्ग आहे. मराठी सहल कंपन्यांच्या ग्रीसच्या सहली असतात, पण त्यांत सहसा अथेन्सला एखाद-दोन दिवस आणि मग सांतोरिनी, मिकोनोसची बेटं. अशी सहल घेऊन गटाच्या तीन दिवस आधी तुम्ही दोघंच पोचू शकता का, हे कंपनीला विचारा. बऱ्याच जणी हे विचारतच नाहीत. आधी स्वतःच्या वेळेचं अथेन्स, नंतर सोबत आणि जेवण, असं दोन्ही साधतं. पहिल्याच परदेशप्रवासाला मला हा पर्याय सगळ्यात समजूतदार वाटतो.

इतर वाचकांच्याही उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आता सांगते.

महिना निवडताना एप्रिल, मेची पहिली पंधरवडी, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरची सुरुवात बघा. एप्रिलमध्ये रस्त्याकडेच्या कडू संत्र्यांना बहर येतो आणि काही गल्ल्यांत वास अक्षरशः भरून राहतो. (फळं तोडून खाऊ नका, तोंड वेडंवाकडं होईल.) ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा बहुधा वेगळ्या तारखेला येतो. तो आठवडा बघण्यासारखा असतो, शनिवारी मध्यरात्री लोक पेटत्या मेणबत्त्या घेऊन घरी जातात. पण ईस्टरच्या रविवारी सगळी पुरातत्त्वस्थळं बंद. २५ मार्च आणि १ मेलाही बंद.

अक्रोपोलिसच्या तिकिटावर आता वेळ छापलेली असते, आणि दिवसाला वीस हजार लोकांचीच मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, त्यामुळे आधार कार्ड दाखवून वाद घालू नका. तिकीट ग्रीक सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. त्याच्यासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी पानं पुष्कळ आहेत. सकाळची अगदी पहिली वेळ घ्या, नाहीतर बंद होण्याआधीची दोन तासांची. दोन प्रवेशद्वारं आहेत. संग्रहालयाजवळचं आग्नेयेकडचं दार सहसा मोकळं असतं. वरचा दगड हजारो पावलांनी गुळगुळीत झालाय, पाऊस पडला तर घसरगुंडीच. नवी चप्पल, सपाट तळ्याचे सँडल नकोत. रबरी तळ्याचे, आधी घरी वापरून मऊ झालेले बूट घाला.

राहायला प्लाका, माक्रियानी किंवा कुकाकी. तिन्ही ठिकाणांहून टेकडी आणि संग्रहालय पायी. खोली घेताना लिफ्ट आहे का आणि गल्ली चढाची आहे का, एवढं विचारा. गुडघेदुखीला दोन तारे कमी असलेलं पण सपाट रस्त्यावरचं हॉटेल बरं. विमानतळावरून मेट्रो थेट सिंटाग्मा चौकात आणते, तिकीट ९ युरो. या गाडीत आणि मोनास्तिराकी स्थानकावर पाकीटमार असतात. दारापाशी ढकलाढकली करून खिसा साफ करतात. पासपोर्ट खोलीत, पैसे कपड्यांच्या आत, पर्स पोटाशी. ग्रीसमध्ये वाहतुकीचे संप वारंवार होतात, बहुधा आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतात. परतीच्या दिवशी संप नाही ना, हे हॉटेलवाल्याला विचारून ठेवा. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेत बसू नका. आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद आहेत, म्हणून सगळीकडे तशी सूचना असते.

जेवणाची तुम्हाला वाटते तेवढी काळजी नको. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपासाचे दिवस वर्षात खूप आहेत, आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी, मासे वर्ज्य. त्यामुळे निव्वळ भाज्या-कडधान्यांचं जेवण त्यांच्या घरचंच आहे, पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेलं नाही. दुकानात 'निस्तीसिमो' म्हणून विचारा, म्हणजे उपासाचं. फक्त एक ध्यानात ठेवा : त्यांच्या उपासाला कोळंबी, ऑक्टोपस, माकूळ चालतात. म्हणून "होरीस क्रेआस, होरीस थालासिना", मांस नको आणि समुद्रातलं काही नको, हेही सांगा. किंवा ग्रीकमध्ये लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा. 'फावा' मागा, पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर ऑलिव्हचं तेल आणि कच्चा कांदा. 'गिगांदेस' म्हणजे टोमॅटोत भाजलेले अंगठ्याएवढे पांढरे घेवडे. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, त्यात कधी खिमा असतो, विचारून घ्या. सकाळी कोपऱ्यावर तीळ लावलेलं गोल 'कुलुरी' मिळतं. रात्रीचं जेवण तिथे नऊनंतर. यजमानांना साडेसातला भूक लागत असेल तर खोलीत चिवडा-लाडू असू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

दुपारी दोन ते पाच झोपा. हे मी गंमतीने सांगत नाही. तिथली माणसंही तेच करतात, आणि ज्या प्रवाशांनी ही झोप घेतली नाही त्यांना संध्याकाळचं शहर भेटतच नाही.

आणि एक दिवस कुठलंही स्मारक न बघता काढा. अथेन्स बघणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की टेकडी सोडली तर सगळं करड्या इमारतींचं जंगल आहे. १८३४ मध्ये राजधानी झालं तेव्हा ते काही हजार वस्तीचं गाव होतं. १९२२-२३ मध्ये आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, उखडलेले दहा लाखांहून जास्त निर्वासित ग्रीसमध्ये आले, त्यांतले कितीतरी इथे. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतून लोंढे आले. लोकांकडे पैसे नव्हते, म्हणून जुन्या घराचा मालक जागा द्यायचा, बिल्डर इमारत बांधायचा आणि मालकाला त्यात दोन-तीन फ्लॅट मिळायचे. आपल्याकडचा पुनर्विकासच. त्यातून जुनी सुंदर घरं गेली हे खरं, पण साध्या माणसांना छप्पर मिळालं. त्या बाल्कन्यांकडे तसं बघा. कुठल्याही वस्तीत आठवड्याचा बाजार भरतो, 'लाइकी' म्हणतात. हॉटेलवाल्याला विचारा, जवळचा कुठल्या वारी. सकाळी जा, संत्री घ्या, ऑलिव्ह चाखा, भाजीवाल्यांचा ओरडा ऐका. यजमानांनाही हे आवडेल.

व्हिसाचं शेवटी. शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, लागेल. फी ९० युरो, आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा बंधनकारक. गुडघ्यांचा जुना त्रास, रक्तदाब असलं काही असेल तर विमा घेताना लपवू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या आधी तारखा मिळेनाशा होतात, म्हणून एप्रिलमध्ये जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच कागद जमवायला घ्या : पेन्शनचा दाखला, बँकेचे उतारे, हॉटेलचं आरक्षण. मुलगा खर्चात हातभार लावणार असेल तर त्याचं पत्र आणि त्याच्या बँकेचे उतारेही जोडा. यजमान येणार की नाही हे त्यापूर्वी ठरू द्या, कारण दोघांचे अर्ज एकत्र दिले तर तारीखही एकच मिळते. ते दिवाळीपर्यंत मनाने तयार झाले नाहीत, तर तुमचा एकटीचा अर्ज भरा, आणि तसं त्यांना आजच सांगून ठेवा.